प्लेगच्या दिवसांतली दुभाषी

परदेशी बातमीदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर खूप खिशांचं जॅकेट घातलेला, गळ्यात कॅमेरा अडकवलेला उंच गोरा माणूस येतो. मी पंधरा-सोळा वर्षं अशा बातमीदारांबरोबर सुरतेत आणि आसपास हिंडले. त्यातली सगळ्यात मोठी बातमीदार बुटकी होती. केस पुरुषासारखे कापलेले, पायात चामड्याच्या चपला, खांद्याला कापडी झोळी. तिचं नाव रूथ. तिने तीन लढाया पाहिल्या होत्या, दोन पुस्तकं लिहिली होती, आणि पुढे सुरतेहून पाठवलेल्या बातम्यांसाठी तिला तिच्या देशातलं मोठं पारितोषिक मिळालं. त्या बातम्यांमधला जवळजवळ प्रत्येक संवाद माझ्या तोंडून तिच्याकडे गेलेला आहे. हे मी मिरवायला सांगत नाही. थोडं मिरवायलाही सांगते.

माझं काम दुभाषीचं. शहरात कोण बोलेल, कुठे जाता येईल, कुठे गेलं तर मार पडेल हे बघायचं, गाडी ठरवायची, आणि मग दोन माणसांच्या मधे बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. मीही सोपं समजत होते. माझं इंग्रजी चांगलं होतं, कारण मी रिंगरोडवरच्या एका कापड निर्यात करणाऱ्या शेठकडे पत्रव्यवहार बघायचे. वडील सुरतेच्या लिंबायत वस्तीत कापडाच्या लूमवर होते, ते खानदेशातल्या अमळनेरकडून आलेले, त्यामुळे घरात अहिराणी. गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती, शाळेत मराठी. शेठच्या ओळखीने रूथ एकदा कापडधंद्यावर लिहायला आली तेव्हा त्यांनी मला तिच्याबरोबर पाठवलं. संध्याकाळी तिने मला बसवून सांगितलं, "तू चांगली आहेस, पण तू लोकांना सुधारतेस. तो माणूस एवढा वेळ बोलला आणि तू मला एक वाक्य दिलंस. मला तो काय म्हणाला ते हवंय. तो 'मी' म्हणाला तर तूही 'मी' म्हण. शिवी दिली तर शिवी दे."

"आणि तुम्हाला दिली तर?"

"तर आधी मला दे. मग हस."

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण ती मला तू म्हणते आणि मी तिला तुम्ही म्हणते असंच मी कायम धरून चालले.

नंतरच्या वर्षांत माझ्याकडे बरीच गिऱ्हाइकं आली. एकाला फक्त उंदराचा फोटो हवा होता. प्लेग संपून गेला होता, सुरत झाडून-पुसून लख्ख व्हायला लागली होती, आणि हा माणूस भर उन्हात मला विचारत होता, "एखादा मोठा, जाडा, इथे नाही का?" दुसऱ्याने चौकातल्या लोकांना विनंती केली की पुन्हा एकदा तोंडाला रुमाल बांधा. लोकांनी बांधलेही, हसत हसत. त्याच्या फोटोत डोळे हसताहेत आणि खाली लिहिलंय की शहर भीतीने गोठलं आहे. पण खरोखर जेव्हा गोठलं होतं तेव्हा मी तिथे होते, रूथबरोबर. तेच सांगायला बसले आहे.

चौऱ्याण्णवचा सप्टेंबर. गणपती नुकतेच गेले होते. आधी पुराचं पाणी येऊन गेलेलं, गल्ल्यांत चिखल आणि कचरा. मग एका सकाळी वेडरोड-कतारगामकडून बातमी आली की माणसं तापाने, खोकल्याने पटापट जाताहेत. दुपारपर्यंत प्लेग हा शब्द शहरभर झाला. संध्याकाळी स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. हिरेवाले काठियावाडकडे निघाले, आमचे खानदेशी लोक ताप्ती लाइनच्या गाड्यांना लटकून नंदुरबार, अमळनेर, भुसावळकडे. दवाखान्यांना कुलपं लागली. प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. माझे यजमान सुधाकर बँकेत होते. त्यांनी आमच्या चार वर्षांच्या मुग्धाला उचललं आणि मला म्हणाले, "चल."

"आई येत नाही," मी म्हणाले.

आई लिंबायतच्या खोलीत एकटी होती. तिला आणायला गेले तर ती म्हणाली होती की तुझा बाप याच खोलीत गेला, मीही इथून हलत नाही. तिला एकटीला टाकून जाणं मला जमेना. सुधाकर मुग्धाला घेऊन नंदुरबारजवळच्या त्यांच्या गावी गेले. गावाने त्यांना आत घेतलं नाही, मळ्यातल्या खोलीत ठेवलं. मुग्धाला ती सहल वाटली. मी उधन्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिले. दुसऱ्याच दिवशी दिल्लीहून रूथचा फोन आला.

"मी येतेय. तू आहेस ना?"

सगळे जात असताना येणारी ती एकच होती. मी हो म्हणाले. आजही मला नीट सांगता येत नाही, की का. एवढं आठवतं की त्या रिकाम्या घरात माझ्याशी कोणी ठामपणे बोललं याचंच मला बरं वाटलं.

रूथ घाबरत नव्हती असं नाही. ती रोज सकाळी उठल्याबरोबर थर्मामीटर तोंडात धरायची आणि आकडा बघून मगच बोलायची. मला ती एकदा म्हणाली, "ज्याला भीती वाटत नाही त्याच्याबरोबर मी गाडीत बसत नाही." गाडी आम्हाला युसुफभाईंची मिळाली, जुनी पांढरी अॅम्बॅसेडर. म्हणजे ती त्यांच्या मोठ्या भावाची. भाऊ भरुचला निघून गेलेला. युसुफभाई तोंडाला दोन रुमाल बांधायचे, एकावर एक, आणि तरी सारखे बोलायचे.

आमचा दिवस असा जायचा: सकाळी इस्पितळाच्या फाटकाबाहेर, मग गल्ल्या, मग महापालिकेचं कार्यालय, संध्याकाळी हॉटेल. तिथून रूथ फोनवरून बातमी वाचून दाखवायची आणि तिकडे तिच्या देशात कोणीतरी ती टाइप करून घ्यायचं. लिंबायत हे नाव त्या माणसाला कधीच कळलं नाही. "एल फॉर लंडन, आय फॉर इंडिया," असं ती ओरडायची आणि शेवटी कपाळाला हात लावायची. लाइन तुटायची, पुन्हा लागायची. फोन ठेवल्यावर ती खुर्चीत इतकी स्तब्ध बसायची की मला वाटायचं, हिला ताप तर नाही?

तिचा एक नियम होता. पहिल्याच दिवशी तिने तो मला सांगितला. "आपण बघायचं, ऐकायचं, लिहायचं. कोणाला ओढायचं नाही, कोणाला ढकलायचं नाही. एकदा हात घातला की आपण बातमीदार उरत नाही." मला तो पटला होता. शिवाय त्या दिवसांत कोणाला हात न लावायचं हे मला सोयीचंच होतं.

एका सकाळी ती म्हणाली, "जे राहिलेत त्यांच्याशी बोलायचंय." मी तिला आईच्या गल्लीत घेऊन गेले.

लिंबायतमध्ये ज्याचा जन्म गेला त्याला लूमचा आवाज ऐकू येत नाही, इतका तो कायमचा असतो. त्या दिवशी तो नव्हता. लूम बंद, रिक्षा बंद. गल्लीतल्या अर्ध्या दारांना कुलपं. मला माझ्या स्वतःच्या चपलांचा आवाज येत होता आणि त्याची भीती वाटत होती. आई उंबऱ्यात बसली होती, पदराच्या टोकाला कापूर बांधून तो नाकाशी धरलेला. रूथ समोर ओट्यावर बसली आणि तिने विचारलं, "तुम्हाला भीती वाटते का?"

मी अहिराणीत विचारलं. आईने रूथकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बोट केलं.

"हिले इचार. पोरले धाडी दिनं आनि सोता आठे फिरस. हिले भीती वाटस का?"

रूथ थांबली होती. मला सगळं जसंच्या तसं सांगायचं होतं. मी सांगितलं: "ती म्हणते, हिलाच विचार. पोरीला पाठवून दिलं आणि स्वतः इथे फिरते. हिला भीती वाटते का?"

"मग?" रूथ म्हणाली. "वाटते का?"

मी उत्तर द्यायच्या आधी खोकला ऐकू आला.

गल्लीच्या टोकाच्या खोलीतून आला होता. त्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. तिथे सुभाष राहायचा, लूमवरचा कारागीर, आणि त्याची बायको इंदू. इंदूला मी ती लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखत होते. आम्ही साधारण एका वयाच्या. तिने गल्लीत सांगितलं होतं की नवरा गावाला गेला. ती त्या कुलपाच्या समोर पायरीवर बसली होती, आणि खोकला तिच्या पाठीमागून येत होता. पुन्हा आला. लांबलचक, ओला.

दारं उघडली. राहिलेली सगळी माणसं बाहेर आली, पण कोणी पुढे होईना. भिकनभाऊ रिक्षावाला सगळ्यात पुढे होता, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला.

"इंदे, आत कोण शे?"

"कोनी नही."

"आम्ही काय बहिरे शेत का? मना घरमा दोन लेकरं शेत! कुलूप उघड!"

मागून कोणीतरी म्हणालं की उघडू नका, उलट आणखी एक कुलूप लावा. आणखी कोणीतरी रॉकेलचं नाव काढलं. कोण ते मला दिसलं नाही. पण त्यावर कोणी त्याला गप्प केलं नाही. ही माझी माणसं होती. यांच्यात मी लहानाची मोठी झाले होते.

रूथ माझ्या कानाशी म्हणाली, "काय चाललंय? सगळं सांग."

मी रॉकेलसकट सांगितलं. तिचा चेहरा बदलला नाही, पण तिने पेन झोळीत टाकलं.

मी पुढे गेले. आईने मागून माझं नाव घेतलं, मी वळले नाही. इंदूपासून चार हात दूर उभी राहिले. त्याहून जवळ जायची माझी हिंमत नव्हती.

"इंदू, त्याला दवाखान्यात नेऊ. गाडी आहे."

"तठे गया तो परत येस नही," ती म्हणाली. ती रडत नव्हती. "मी पाह्यं ना. समोरना गल्लीमधला तुकाराम गया. परत उना नही. मना माणूस माले आठेच ऱ्हाऊ दे."

"इथे ठेवलंस तर काय होईल?"

तिने गर्दीकडे पाहिलं. मग किल्ली गळ्यातल्या पोतीला बांधली होती ती मुठीत धरली आणि मला विचारलं, "तू बठशी का त्यानाजोडे गाडीमा? तू बठशी तर लई जासू."

तू बसशील का त्याच्याजवळ.

डोळ्यांसमोर मुग्धा आली, मळ्यातल्या खोलीच्या दारात. मागून रूथने विचारलं, "काय म्हणाली ती?"

दुभाषी असण्याचा एक फायदा असतो, भाषांतर करताना विचार करायला वेळ मिळतो. मी सावकाश म्हणाले, "ती विचारते, मी त्याच्या शेजारी गाडीत बसेन का. बसले तर ती त्याला न्यायला तयार आहे."

रूथने इंदूकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "याचं उत्तर मी तुला देऊ शकत नाही."

"आणि तुमचा नियम?"

"नियम माझा आहे. तुझ्यावर नाही." ती गाडीकडे वळली. "आणि गाडी या घटकेला माझ्या ताब्यात आहे."

मी इंदूला म्हणाले, "बसते."

हे धैर्य नव्हतं. खरं सांगायचं तर सगळी गल्ली बघत होती, इंदू बघत होती, आणि नाही म्हणायला तोंड उघडेना. एवढंच.

युसुफभाईंनी मात्र तोंड उघडलं. "बेन, हुं नहीं आवुं. मेरे भी बच्चे हैं." ते गाडीपासून लांब जाऊन उभे राहिले. रूथने त्यांच्याकडे किल्लीसाठी हात पुढे केला. त्यांनी किल्ली तिच्या हातात टाकली. ती चालकाच्या जागी बसली आणि गाडी सुरू केली. गिअर टाकताना असा भयंकर आवाज आला की इंदूनेही कुलपावरून नजर उचलली. दुसऱ्यांदा तसाच आवाज आला. युसुफभाई धावत आले. "मॅडम, नहीं, नहीं! भाई की गाडी है! हटो, हटो!" त्यांनी तिला बाजूला सरकवलं आणि स्वतः बसले. डोकं खिडकीबाहेर काढून बसले, आणि इस्पितळापर्यंत ते तसंच बाहेर होतं.

इंदूने कुलूप काढलं. सुभाषला आम्ही दोघींनी आणलं. तो तापाने इतका फणफणला होता की कापडातूनही चटका बसत होता. इंदूने त्याच्या तोंडावर तिचा पदर दुहेरी करून बांधला. मागच्या सीटवर एकीकडे ती, एकीकडे मी, मधे तो. रूथ पुढे. गल्लीतले लोक भिंतींना चिकटले. आईच्या दारासमोरून गाडी गेली तेव्हा आईने दार लावून घेतलं.

रिकामी सुरत मी तशी पुन्हा कधी पाहिली नाही. कापडमार्केटची सगळी शटरं खाली, रस्त्यावर कागद उडताहेत, एका चौकात जंतुनाशकाची पांढरी पावडर सडा घातल्यासारखी पसरलेली. सुभाषचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी श्वास रोखून धरायचे, मग तो सोडावाच लागायचा, आणि सोडला की घ्यावाच लागायचा. त्याने मधेच डोळे उघडले.

"ताई, लूम चालू व्हयनात का?"

"नाही अजून."

"मंग आवाज कशाना येस?"

तो युसुफभाईंच्या गाडीचा आवाज होता. मी सांगितलं नाही. हो, सुरू झाले असं म्हणाले. त्याने डोळे मिटले. रूथने पुढून मान वळवली, पण तो काय म्हणाला ते विचारलं नाही. त्या सगळ्या दिवसांत तिने न विचारलेली ती एकच गोष्ट.

इस्पितळात त्याला आत नेलं. दारातला डॉक्टर वयाने माझ्याहून लहान असेल, मास्कच्या वर डोळे लाल झालेले. तो म्हणाला, "आणलंत ते बरं केलंत. लोक तर रुग्णांना इथून पळवून नेताहेत." आम्हा सगळ्यांना त्याने गोळ्या दिल्या, ताप बघत राहा म्हणाला, आणि कोणाच्या फार जवळ जाऊ नका. इंदू फाटकाशी खाली बसली. रूथने मला तिला विचारायला सांगितलं, "हे मी लिहू का?"

इंदूने मान हलवली. "नको लिखू. आमले परत त्याच गल्लीमा ऱ्हानं शे. रॉकेलना कारेन आख्खी गल्ली बदनाम व्हई, मंग आमले कोन उभं करी?"

रूथने ते एका शब्दानेही लिहिलं नाही. नाव बदलून लिहिता आलं असतं, गल्ली वगळता आली असती. मीच तिला सुचवलं. ती म्हणाली, "तिने नको म्हटलंय. त्यात पळवाटा शोधायच्या नाहीत." ज्या बातम्यांसाठी तिला पारितोषिक मिळालं त्यांत इस्पितळ आहे, स्टेशन आहे, पावडर आहे. मागची सीट नाही. पुढच्या पुस्तकातही नाही. ती म्हणायची, प्रत्येक बातमीदाराकडे अशी एक तरी गोष्ट असते जी छापली नाही म्हणूनच तो रात्री झोपू शकतो. मला हे फार भारदस्त वाटायचं. आता वाटतं, ती नुसती थकलेली होती आणि इंदूचं तिला पटलं होतं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. मी घरी एकटी. सकाळी रूथचा हॉटेलातून फोन यायचा. ती तिचा आकडा सांगायची, मी माझा. त्यानंतर आम्ही कामाचं बोलायचो. बाहेर जायचो तेव्हा ती गाडीच्या पुढच्या सीटवर, मी मागे एका टोकाला, खिडक्या उघड्या. दुपारी घरी आले की माझा घसा खवखवायला लागायचा. मी आरशासमोर आ करून बघायचे. पाणी प्यायचं, थांबायचं, गिळताना दुखतं का बघायचं. कधी दुखायचं, कधी नाही. शेजारचं कुटुंब गावी गेलेलं, वरचेही. इमारतीत माझ्या खोकल्याला उत्तर द्यायला कोणी नव्हतं, आणि मी खोकायलाही घाबरत होते.

सुधाकरांना मी सगळं सांगितलं. ते गावाबाहेरच्या पीसीओवरून फोन करायचे. 

"गोळ्या घेतेस ना?" ते म्हणाले.

"घेते."

"मुग्धाशी बोल."

मुग्धाने मला मळ्यातल्या शेळीला पिल्लू झाल्याचं सांगितलं. ते पांढरं आहे, त्याचे कान मऊ आहेत, ते तिचं बोट चोखतं. तेवढ्यात मला खोकला आला. मी रिसीव्हर छातीशी दाबला आणि तोंड दुसरीकडे केलं, जणू तारेतून तिच्यापर्यंत पोचेल. परत कानाला लावला तेव्हा ती विचारत होती, "आई, तू कुठे गेलीस?"

एकदा मी गल्लीत आईसाठी भाजी घेऊन गेले. तिने दार अर्धंच उघडलं. "दूर उभी ऱ्हा," म्हणाली. "तठे ठेव आनि जाय." मी पिशवी ओट्यावर ठेवली. दोन पावलं मागे आले. ती पिशवी उचलून आत गेली. मला राग आला नाही. मीही मुग्धाला असंच म्हणाले असते. पण परत जाताना मला पायाखालची जमीन दिसत नव्हती.

मला ताप आला नाही. रूथला नाही, युसुफभाईंना नाही, इंदूलाही नाही. आणि सुभाष वाचला. डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हटलं. तो प्लेग होता की नव्हता हे त्यांनाही पक्कं सांगता आलं नाही. फाटकाशी आम्ही त्याला घ्यायला गेलो तेव्हा तो इतका वाळला होता की युसुफभाईंनी आपणहून दार उघडून धरलं. या वेळी त्यांनी डोकं आत ठेवलं होतं.

गल्लीत काही लूम सुरू झाले होते. त्यांचा आवाज ऐकून सुभाषच्या तोंडावर पहिल्यांदा जरा रंग आला. पण गाडी थांबल्यावर कोणी बाहेर आलं नाही. इंदू इतके दिवस इस्पितळाच्या फाटकाशीच राहिली होती, आणि उघड्याच राहिलेल्या त्यांच्या खोलीच्या दारात, पायरीवर, आत स्टोपर्यंत कोणीतरी पांढरी पावडर ओतली होती. इंदूने ती झाडून काढली. ती घागर घेऊन नळावर गेली तर तिथल्या बायका आपल्या घागरी उचलून बाजूला झाल्या. एकीने आपली घागर ओतून दिली, पुन्हा धुतली. इंदूने पाणी भरलं, परत आली, स्टो पेटवला आणि चहा ठेवला. मग बशीत कप घेऊन दारात उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "या, च्या ल्या. मना माणूस घर उना."

कोणी हललं नाही. भिकनभाऊ त्याच्या रिक्षाच्या हँडलवर हात ठेवून खाली बघत होता. आई तिच्या दारात होती, पदर नाकाशी.

रूथ त्याच संध्याकाळी दिल्लीला परतणार होती. मी तिला हळूच म्हणाले, "तुम्ही घ्या तो चहा. तुम्ही प्यायलात तर लोकांना पटेल."

"नाही," ती म्हणाली. "मी प्यायले तर म्हणतील, हिच्याकडे परदेशी औषधं आहेत, हिला काय होतंय. उद्या मी इथे नसेन. तू पी."

मला अजून भीती वाटत होती. इतके दिवस झाले होते, डॉक्टरांनी त्याला सोडलं होतं, मी त्याचं डोकं खांद्यावर घेऊन सगळं शहर ओलांडलं होतं, तरी त्या कपाची मला भीती वाटत होती. भीतीला हिशोब कळत नाही हे मला त्या दिवसांत पुरतं समजलं.

मी गेले, इंदूच्या पायरीवर बसले आणि कप घेतला. थोडा चहा बशीत ओतला. बशीतूनच प्यायले. चहा गोड नव्हता, गरम मात्र खूप होता. सुभाष आत भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, मी त्या कपाला घाबरते आहे हे त्याच्या लक्षात आलं असणार. मी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. गल्लीत लूमशिवाय कसलाही आवाज नव्हता.

आईने पदर नाकावरून खाली सोडला. ती तिच्या पायरीवरून उतरली. तिचे गुडघे दुखायचे, ती एका हाताने भिंत धरत गल्ली ओलांडून आली. माझ्यासमोर उभी राहिली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि माझ्या कपाळाला हाताची मागची बाजू लावून बघितली. मग म्हणाली, "सरक तिकडे." मी सरकले. ती माझ्या शेजारी टेकली, खांद्याला खांदा लागेल अशी, आणि दाराकडे मान वळवून म्हणाली, "इंदू, मनासाठे बी च्या ठेव. साखर टाकजो."

रूथ गाडीपाशी उभी होती. तिने लांबूनच मला भुवया उंचावून विचारलं, काय म्हणाली?

"चहा मागतेय," मी सांगितलं.